शब्द सुरू होण्यापूर्वी

रॉइस डन्लेव्हीचा कार्यक्रम दररोज दुपारी एकाच गिटारने सुरू होत असे, आणि ती गिटार दररोज एकाच जागी तोडली जात असे. तोडणारा मी. काचेच्या पलीकडे माइकसमोर रॉइस बसे, अलीकडे आवाजाच्या पट्ट्यांसमोर मी. त्याचे वाक्य संपले की मी पट्टी खाली ओढत असे आणि गाणे जिथल्या तिथे मरत असे.

आमच्या धंद्यात या गोष्टीला मोठी प्रतिष्ठा आहे. गाण्याच्या आरंभी जे नुसते वाद्य वाजते, त्यावर निवेदकाने बोलावे आणि गाणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वी जो श्वास घ्यावा, नेमक्या त्या श्वासावर आपले वाक्य संपवावे. एक अक्षर आधी संपले तर निवेदक आळशी. एक अक्षर पुढे गेले तर अडाणी. रॉइस तरुणपणी गाणी वाजवणारा निवेदक होता आणि ही विद्या त्याने तिथेच कमावली होती. पुढे तो राजकारणावर बोलू लागला, आवाज जाड झाला, मते त्याहून जाड झाली, पण ही नजाकत गेली नाही. 'गाणाऱ्याच्या तोंडावर बोलणारा माणूस रेडिओवर असता कामा नये,' हे त्याचे ब्रीद होते. एका नवशिक्याला त्याने एवढ्याच कारणासाठी स्टुडिओबाहेर काढलेले मी पाहिले आहे.

फरक इतकाच, की गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदक थांबतो आणि गायक गातो. राजकारणाच्या कार्यक्रमात निवेदक थांबतो आणि गायकाला हाकलून देऊन पुन्हा बोलू लागतो. वाद्य हवे असते, कारण ते रक्त तापवते. शब्द नको असतात, कारण त्यांना स्वतःचे मत असते. या विषयावर माझा आणि रॉइसचा वाद जुना होता. मी त्याच्या बहुतेक मतांच्या विरुद्ध होतो, हे त्याला ठाऊक होते. त्याने मला ठेवून घेतले होते ते माझ्या मतांसाठी नव्हे, हातासाठी.

"लायनस," तो म्हणायचा, "घोडा ज्याच्या दारात, त्याच्या गाडीला. घोड्याला कोण विचारतं?"

"हा घोडा बोलका आहे," मी म्हणायचो. "म्हणून तर रोज त्याच्या तोंडात लगाम कोंबायला तुला माणूस ठेवावा लागतो."

"पंडित," तो म्हणायचा, आणि कॉफीचा कप उचलायचा. वाद तिथे संपे. पण संपे म्हणजे मिटे असे नव्हे.

ती गिटार व्हर्जिल स्टॅम्परची होती. कार्व्हर्स लँडिंग हे आमचे ओहायो नदीवरचे गाव काचेच्या कारखान्यावर जगते. मी कॉलेजात असताना त्या कारखान्यात मोठा संप झाला, तेव्हा भट्टीवर काम करणाऱ्या व्हर्जिलने आणि बरण्या बांधणाऱ्या खात्यातल्या त्याच्या बायकोने, लुरलीनने, ते गाणे केले. सूर त्याचा, शब्द तिचे, आवाज तिचा. काचेची भट्टी वर्षानुवर्षे विझवत नाहीत. विझवली तर आतला रस गोठतो आणि भट्टीची भिंतच फोडावी लागते. त्या वर्षी मालकांनी भट्टी विझवण्याची धमकी दिली होती. लुरलीनने तिचे उत्तर असे दिले:

भट्टी विझवाल, फाटक लावाल,
हात कुठे ठेवाल आमचे?
काच गोठेल, भिंत फुटेल,
हात कुठे ठेवाल आमचे?

कविता म्हणून यात दोष काढता येतील, आणि मी ते काढलेही आहेत. पण फाटकासमोर उभे राहून गायला याहून चांगले काही त्या गावात त्यानंतर लिहिले गेले नाही, हेही तितकेच खरे. व्हर्जिलच्या गिटारीला एक ओढ होती. चौथ्या ठोक्याला ती किंचित मागे रेंगाळायची आणि मग जड दार खांद्याने लोटावे तशी पुढे यायची. व्हर्जिल जाऊन आता काही हिवाळे झाले होते. गावाला त्याची गिटार रोज ऐकू येत होती. लुरलीनचा आवाज मात्र रॉइसने राजकारणाच्या या कार्यक्रमात इतक्या वर्षांत एकदाही बाहेर पडू दिला नव्हता.

ऑक्टोबरात कारखान्यात पुन्हा संप झाला आणि रॉइसला महिनाभराचे खाद्य मिळाले. रोज गिटार, रोज तिच्यावर रॉइसचा भरदार आवाज, आणि रोज फाटकावरच्या माणसांचा उद्धार. त्यांना तो ऐतखाऊ म्हणाला, शेकोटीवर हात शेकत नोकऱ्या जाळणारे म्हणाला, आणि एके दिवशी तर म्हणाला की त्यांच्या बायकांनी त्यांना घरात घेऊ नये. त्या फाटकावर निम्म्या बायकाच होत्या. पण ऐन जोशात रॉइस असल्या तपशिलांची पर्वा करीत नसे.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमापूर्वी लुरलीन रेडिओ स्टेशनवर आली. कारखान्याचा जुना निळा कोट, डोक्याला रुमाल, हातात काहीच नाही. रॉइस माझ्या टेबलाच्या कडेला बसून डोनट खात होता. तो उठून उभा राहिला. तेवढी रीत त्याच्यात होती.

"बस ना, लुरलीन. कॉफी घेतेस?"

"कॉफीसाठी आले असते तर बर्नीसच्या हॉटेलात गेले असते. तिथं ती कॉफीसारखी लागते." ती बसली नाही. "रॉइस, व्हर्जिलची गिटार बंद कर."

"का बरं? लोकांना आवडते. मला आवडते."

"काल तू काय बोललास?"

"नाव घेतलं का मी कुणाचं?"

"ज्या शेकोटीला तू नावं ठेवलीस, तिथं माझी डार्ला बसते. आणि ती नावं ठेवण्याआधी तू तिच्या बापाची गिटार वाजवलीस. बापाच्या हातानं लेकीच्या थोबाडीत मारतोस तू, रॉइस. रोज. तेवढं थांबव, बाकी काय बोलायचं ते बोल. तुझ्या बोलण्याला या गावात कुणी कधी अडवलंय?"

रॉइसने बोटांवरची साखर झटकली. तो चिडला होता, आणि त्याच्या चिडण्यात खोटे काही नव्हते, हे मला नमूद केलेच पाहिजे.

"हे गाणं या गावाला ऐकवलं कुणी? सांग ना. व्हर्जिल टेप घेऊन दारोदार फिरत होता. कुणी हात लावला नाही. मी वाजवलं. वर बसलेल्यांनी मला बोलावून झापलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवलं. माझी नोकरी जाता जाता राहिली त्या गाण्यापायी. माझाही हक्क आहे त्याच्यावर."

"वाजवलंस," लुरलीन म्हणाली. "सगळं वाजवलंस. शब्दांसकट. म्हणून तर मी आज भांडायला आले नाही, सांगायला आले."

आवाज ऐकून आमचे व्यवस्थापक नील पॉमरॉय आतून आले. त्यांनी अतिशय सभ्यपणे तिला समजावले, की गीतकार-संगीतकारांच्या संस्थेशी स्टेशनचा करार आहे, आणि त्या कराराखाली कोणतेही गाणे, कितीही, कुठूनही कुठपर्यंत वाजवता येते. "हे पूर्णपणे कायदेशीर आहे, बाई."

"मी कुठं म्हटलं बेकायदेशीर आहे, साहेब? मी म्हणते, लाज नाही."

तिने माझ्याकडेही पाहिले. पट्टी ओढणारा हात कोणाचा, हे तिला ठाऊक होते. मी पट्ट्यांवरची धूळ पुसू लागलो. ती गेल्यावर मात्र मी रॉइसला पुष्कळ बोललो. मी म्हणालो, की सूर हा शब्दांचा भाडेकरू नव्हे, सख्खा भाऊ आहे. एकाला पाहुणा म्हणून घरात घ्यायचे आणि दुसऱ्याला उंबरठ्यावरून धक्का मारायचा, याला आतिथ्य म्हणत नाहीत. आणि करार दाखवून केलेला अपमान हा अपमानच राहतो. फक्त त्याला पावती मिळते.

"छान बोलतोस," रॉइस म्हणाला. "माइक मात्र माझ्याकडे आहे. आज प्रत्येक जाहिरातीनंतर गिटार लाव."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. मला कुणी येऊन सांगायचं नाही, काय वाजवायचं ते. त्या वेळी वर बसलेल्यांचं ऐकलं नाही, आता रुमालवाल्या बाईचं ऐकू?"

त्या दुपारी व्हर्जिलची गिटार इतक्या वेळा वाजली आणि इतक्या वेळा तुटली, की माझ्या मनगटाला त्या क्षणाची सवय जडली. डोळे मिटूनही मी तो पकडला असता. हे मी माझ्या कौतुकासाठी सांगत नाही. ती सवय एकट्या माझ्या मनगटाला जडली नव्हती, हे मला पुढे कळायचे होते.

तिसऱ्या जाहिरातीनंतर रॉइसने श्रोत्यांना लुरलीनच्या भेटीची हकीकत सांगितली. त्याने तिचे नाव घेतले नाही, पण तिच्यासारखा आवाज काढला, आणि वाईट काढला. लगेच फोनची दुसरी लाइन लुकलुकली. मी उचलला, नाव ऐकले, आणि काचेवर धरलेल्या पाटीवर ते लिहून रॉइसला दाखवले. तो हसला आणि त्याने बोटाने खूण केली: घे.

"बोला, कार्यक्रमात स्वागत आहे."

"माझा आवाज काढायला तुला तोंड पुरेना होय रे," लुरलीन म्हणाली. "मीच ऐकवते. गाणं पुढं जाऊ दे, रॉइस."

"बाई, हा राजकारणाचा कार्यक्रम आहे. नाचगाण्याचा रविवारी असतो."

"गिटारपुरतं नाचगाणं चालतं की तुला. माझं तोंड उघडलं की राजकारण आठवतं. तू शब्दांना भितोस."

"मी?" रॉइसने खुर्ची मागे लोटली. "या जिल्ह्यात असा माणूस दाखवा, ज्याला मी भितो. आमदार इथं बसून घामाघूम होऊन गेलेत."

"मग तिथं कशाला बसलास, काचेच्या डब्यात? फाटकावर ये. ज्यांना ऐतखाऊ म्हणतोस त्यांच्यासमोर वाजव, आणि त्यांच्यासमोर तोड. बघू हात कापतो का."

राजकारणावर बोलणाऱ्या निवेदकाला सगळे क्षम्य असते. भर कार्यक्रमात आलेले आव्हान नाकारणे मात्र क्षम्य नसते. श्रोते त्याचे खोटे विसरतात, त्याचे पळणे विसरत नाहीत. रॉइसला हे माझ्याहून चांगले ठाऊक होते. लुरलीनलाही ते ठाऊक असावे. तिने त्याला उगीच इतकी वर्षे ऐकले नव्हते.

"शुक्रवारी," रॉइस म्हणाला. "सबंध कार्यक्रम फाटकावरून. भोंगे लावतो, नदीपलीकडे ऐकू जाईल असं वाजवतो, आणि तुमच्या नाकासमोर तोडतो. शेकोटी तयार ठेवा."

"ती विझलीय कधी?" असे म्हणून तिने फोन ठेवला.

पॉमरॉय अस्वस्थ झाले. त्यांचे म्हणणे, संगीत बदलावे, काहीतरी तुतारी-नगाऱ्याचे लावावे, आणि फाटकाचे प्रकरण मिटवून टाकावे. रॉइसने त्यांना दाराकडे बोट दाखवले. मग माझ्याकडे वळून त्याने शुक्रवारच्या सूचना दिल्या, आणि त्या मी शब्दशः देतो, कारण पुढचे सगळे त्यांवर उभे आहे.

"ते हुर्यो करतील. करू दे. शिट्ट्या मारतील, मला सैतान म्हणतील. माझ्या श्रोत्याला याहून गोड काही नाही. एक वेगळा माइक फक्त गर्दीसाठी लाव, उंच खांबावर. पूर्ण उघडा ठेव. काही झालं तरी बंद करायचा नाही. मी खूण केली तरी नाही. उद्या कुणी म्हणता कामा नये की डन्लेव्हीनं घाबरून त्यांचं तोंड दाबलं. समजलं?"

"लिहून देऊ?"

"पंडित," तो म्हणाला.

शुक्रवारी नदीवरून बोचरा वारा येत होता. फाटकासमोर रस्त्याच्या कडेला लोखंडी पिंपात लाकडे जळत होती. भोवती फलक टेकवून ठेवलेले, एका टेबलावर चर्चमधून आलेले बटाट्याचे सूप आणि पाव. शेरीफचा एक माणूस गाडीला टेकून सूपच पीत होता. मी स्टेशनच्या गाडीच्या मागच्या बाजूला माझ्या आवाजाच्या पट्ट्या मांडल्या, दोन भोंगे फाटकाकडे तोंड करून लावले, आणि सांगितल्याप्रमाणे गर्दीचा माइक दिव्याच्या खांबावर उंच बांधून पूर्ण उघडला.

लुरलीन शेकोटीजवळ घडीच्या खुर्चीत गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसली होती. डार्ला तिच्यामागे उभी होती. ती आईहून हातभर उंच, आणि तिने हातमोजे घातलेले नव्हते. रॉइस त्याच्या उंटाच्या रंगाच्या कोटात गाडीतून उतरला, तेव्हा हुर्यो झाली नाही. कोणी शिटीही मारली नाही.

"या, मिस्टर डन्लेव्ही, शेकोटीजवळ या," डार्ला म्हणाली. "ऐतखाऊंची आहे, पण ऊब खरी आहे."

"तुझी आई कशी आहे?" रॉइसने विचारले, जणू ती तिथे नव्हतीच.

"तिलाच विचारा. तिला बोलता येतं. तुमच्याकडेच तेवढा आवाज बंद पडतो तिचा."

काही जण हसले. रॉइसही हसला, पण हसताना त्याने गर्दीकडे दोनदा पाहिले. शिव्यांची तयारी करून आलेल्या माणसाला शांतता अवघड जाते. तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "हे गप्प का आहेत?"

"विचार त्यांना. माइक तुझ्याकडे आहे."

बातम्या संपल्या. मी टेप सुरू केली आणि व्हर्जिल स्टॅम्परची गिटार भोंग्यांतून बाहेर पडून कारखान्याच्या विटांवर आदळली. स्टुडिओत ती मी हजारदा ऐकली होती. इथे, जिच्यासाठी ती केली गेली त्या भिंतीवरून ती परत येत होती. चौथ्या ठोक्याची ती ओढ विटांतून आली तेव्हा पिंपाभोवतीच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. रॉइसने माइक तोंडाशी नेला. त्याचा आवाज, हे मान्य केले पाहिजे, भव्य होता.

"मित्रहो, आज मी त्या फाटकासमोर उभा आहे, जिथं काम करू इच्छिणाऱ्याला आत जाता येत नाही, आणि काम नको असलेले बाहेर सूप ओरपतात. हे म्हणतात, आम्हाला बोलू देत नाहीत. मी म्हणतो, बोला ना. आजवर या फाटकावरून एक तरी धड वाक्य ऐकलंय का कुणी?"

वाक्य संपले ते नेमक्या त्या श्वासावर. त्याहून अचूक तो आयुष्यात कधी संपला नसेल. मी पट्टी खाली ओढली, गिटार तुटली, आणि त्याच क्षणी, एका क्षणाचेही अंतर न पडता, फाटकासमोरची सगळी माणसे गाऊ लागली.

भट्टी विझवाल, फाटक लावाल, हात कुठे ठेवाल आमचे?

त्यांना कोणी इशारा दिला नाही. कोणी हात उंचावला नाही, कोणी 'एक दोन तीन' म्हटले नाही. त्याची गरज नव्हती. ही माणसे वर्षानुवर्षे बरण्या बांधताना, ट्रक चालवताना, भांडी घासताना रॉइसचा कार्यक्रम ऐकत आली होती. काही त्याच्यावर प्रेम म्हणून, काही दात खात. रोज दुपारी रॉइस त्यांना त्या जागेपर्यंत आणून सोडत होता आणि तिथून पुढे त्यांच्या मनात गाणे आपोआप चालू होत होते. स्वतःला त्यांचा विरोधक समजणाऱ्या या माणसाने इतक्या वर्षांत त्यांची एक दिवसही न चुकता तालीम घेतली होती. लुरलीन खुर्चीतून उठली नव्हती, पण सगळ्यांच्या खालून तिचा आवाज येत होता. तो जुना झाला होता आणि मोडला नव्हता.

रॉइसने माइक उचलला, तोंड उघडले, आणि मिटले. माझ्याशिवाय तिथे कोणाला कळले असेल की नाही, ठाऊक नाही, पण त्याला अडवणारे दुसरे तिसरे काही नव्हते. त्याचे स्वतःचे ब्रीद होते. समोर माणसे गात होती. गाणाऱ्याच्या तोंडावर तो बोलू शकत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहून गळ्यावरून बोट फिरवले आणि खांबावरच्या माइककडे मान उडवली.

मी दोन्ही हात वर करून त्याला दाखवले. पट्टीला माझे बोट लागले नव्हते.

तो तीन ढांगांत गाडीशी आला. माइक छातीशी दाबून दबक्या आवाजात म्हणाला, "बंद कर तो."

"तूच म्हणालास, मी खूण केली तरी नाही."

"आता सांगतोय ना."

"तेव्हा सांगितलंस ते विचार करून सांगितलंस. आता घाबरून सांगतोयस. मी पहिल्या रॉइसचं ऐकणार."

त्याने पट्ट्यांकडे पाहिले. त्याने हात पुढे केला असता तर पट्टी त्याला सहज ओढता आली असती, आणि नंतर त्याने मला कामावरून काढले असते तरी त्याच्या बाजूने चार शब्द बोलता आले असते. पण तेवढ्यात पहिले कडवे संपले. गर्दी थांबली. मूळ गाण्यात इथे व्हर्जिलची गिटार एकटी वाजते. आता गिटार नव्हती, फक्त बुटांचा ठेका रस्त्यावर पडत होता. आणि रॉइसने, ज्याचे सारे आयुष्य अशी मोकळी जागा हेरण्यात गेले होते, ती हेरली. तो वळला, त्याने छाती भरून घेतली आणि माइक तोंडाला लावला.

"मित्रहो, ऐकलंत? गाता येतं म्हणजे काही..."

फुंकून फुंकून बरण्या भरल्या, श्वास कुठे ठेवाल आमचे?

दुसरे कडवे त्याच्या उघड्या तोंडावर येऊन आदळले. सबंध जिल्ह्याने ते ऐकले: रॉइस डन्लेव्ही गाणाऱ्यांच्या तोंडावर बोलला. वाक्य अर्ध्यात तुटले आणि त्याची शेपटी गाण्याखाली चिरडली गेली. मधली गिटार किती लांब आहे, हे तो विसरला होता. विसरणारच, इतक्या वर्षांत त्याने गाणे तिथपर्यंत कधी जाऊ दिलेच नव्हते. ज्या गाण्यावर तो हक्क सांगत होता, त्यातला आता फक्त उंबरठा त्याच्या लक्षात उरला होता.

तो लाल झाला. कोणी हसले नाही. शेवटच्या ओळीपर्यंत तो माइक खाली धरून उभा राहिला आणि शेवटचा ठेका पडल्यावर शांततेत लुरलीन खुर्चीतून म्हणाली, आणि खांबावरच्या माइकने तेही पकडले:

"चुकलास, रॉइस. मधली गिटार छोटी आहे. ऐकली असतीस तर आठवलं असतं. आता बोल, आमचं झालं."

आणि रॉइस बोलला. हेही मी लपवणार नाही. त्याने गाडी फिरवली नाही, तब्येतीचे निमित्त केले नाही. कार्यक्रमाचा सगळा वेळ तो फाटकावर उभा राहून भांडला, डार्लाशी भांडला, त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याशी भांडला, संप मूर्खपणाचा आहे हे त्याने पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडले, आणि त्यांनी त्याला पाचही वेळा तोंडघशी पाडले असे मला वाटते; त्याचे मत अर्थात वेगळे आहे. फक्त मधल्या कोणत्याही जाहिरातीनंतर त्याने गिटारीची खूण केली नाही. मी विचारलेही नाही.

सोमवारी तो लवकर आला. पॉमरॉय त्याच्याशी काही बोलले नव्हते, हे मी चौकशी करून पक्के केले आहे. त्याने माझ्यासमोर एक नवी टेप ठेवली; भरपूर तुताऱ्या, भरपूर नगारे, असल्या कार्यक्रमांसाठी घाऊक बनवतात तसले संगीत.

"पॉमरॉयचं ऐकलंस शेवटी," मी म्हणालो.

"पॉमरॉय गेला खड्ड्यात. मी कुणाचं ऐकलेलं नाही." तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ कानांवरचे हेडफोन नीट करत राहिला. "त्या जागी मला आता थांबता येत नाही, लायनस. शनिवारी घरी करून बघितलं. मी थांबलो की ते सुरू होतात."

मला पुष्कळ बोलता आले असते.  वादात जिंकल्यावर गप्प बसणे हे मला फार क्वचित जमले आहे, आणि त्या दिवशी जमले. गिटारीची टेप मी माझ्या कोटाच्या खिशात घातली आणि संध्याकाळी ती लुरलीनच्या दारात नेऊन दिली.

संपाचे काय झाले, असे कोणी विचारील. तो सोमवारी चालूच होता, आणि पुढेही बराच काळ चालला. या गोष्टीत तो जिंकवून टाकण्याचा अधिकार मला नाही. गोष्ट एका गिटारीची आहे, आणि ती त्या दुपारी संपली. तुताऱ्या वाजल्या, रॉइस त्यांच्यावर बोलला, हवा तिथे थांबला. शब्द येणारच नव्हते, त्यामुळे अचूकपणाला आता काही अर्थही नव्हता. पहिलाच फोन दुसऱ्या लाइनवर आला. मी पाटीवर नाव लिहिले. रॉइसने ते वाचले, डोळे मिटले, आणि बोटाने खूण केली: घे.

"बोला, कार्यक्रमात स्वागत आहे."

"रॉइस, लुरलीन बोलते. हे नवीन संगीत कुणाचं रे?"

"कुणाचंच नाही."

"मग बरोबर," लुरलीन म्हणाली. "तुझ्या बोलण्याला शोभतं."